विहिरीत पडलेला बैल आणि आमचं मूळ गाव

रविवार, १४ डिसेंबर. काम: लेकीच्या लग्नाच्या पत्रिकांना हळदकुंकू लावणे.

ऐकायला हे काम मंगल वाटतं. प्रत्यक्षात पत्रिका अडीचशे, प्रत्येकीला कोपरे चार, आणि ओल्या पत्रिका एकीवर एक ठेवता येत नाहीत. त्यामुळे परळच्या आमच्या दोन खोल्यांत जेवणाचं टेबल, दिवाण, फ्रिजचा माथा, शिलाई मशीन असं सगळं पत्रिकांनी भरलं होतं. मी हळदीची बोटं लावत होते, सासूबाई कुंकवाची. नवरा वाळलेल्या पत्रिका गोळा करत होता, म्हणजे न वाळलेल्या गोळा करत होता आणि दोघींकडून बोलणी खात होता. लेक ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगून आतल्या खोलीत दार लावून बसली होती. ती माझ्यावर गेली आहे.

सासूबाईंनी दोन पत्रिका वेगळ्या काढल्या. पहिली गणपतीची. दुसरी गावच्या देवाची. ही दुसरी पत्रिका आणि एक नारळ घेऊन नवरा त्याच संध्याकाळच्या बसने सिंधुदुर्गात जाणार होता. तिथे देवळात गुरव गाऱ्हाणं घालणार होता. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने सांगायचं, की अमक्या वाडीतल्या अमक्या घरच्या मुलीचं लग्न आहे, सगळं नीट पार पाड, वाईट नजर असेल ती दूर कर. प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" एवढं झालं की जबाबदारी देवाची. मी पंचवीस वर्षं विमा कंपनीत आहे, त्यामुळे ही योजना मला चांगलीच समजते. हप्ता एक नारळ.

सासूबाई मालवणकडच्या. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी आपल्या देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. सासऱ्यांच्या बाजूने मात्र काहीच झालं नाही, कारण या घरात आपला गाव कुठला तेच कुणाला धड माहीत नव्हतं. सासऱ्यांचे वडील गिरणीत आले, इथेच राहिले, आणि कुणी गाव विचारलं की हसून म्हणायचे, "आडनावात आहे की!" सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ते हयात नव्हते.

"अर्ध्या देवावर लागलं माझं लग्न," सासूबाई दिवाळीत म्हणाल्या होत्या. "आणि तुमचंही."

माझंही लग्न अर्ध्याच देवावर झालंय हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

"नातीचं तसं होऊ देणार नाही मी. गाऱ्हाणं झाल्याशिवाय एक पत्रिका घराबाहेर जायची नाही, सांगून ठेवते."

गुडघ्यांमुळे त्यांना घराबाहेर पडणं जड जातं. त्यांनी यापूर्वी माझ्याकडे कधी काही मागितल्याचं आठवत नाही; त्या मागत नाहीत, सांगतात. पण हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पणतीच्या वातीकडे बघत होत्या. म्हणून मी शोध घ्यायचं कबूल केलं. शिवाय मला वाटलं होतं की ते सोपं असेल.

मी लोअर परळच्या ऑफिसात दावे तपासते. कुणाच्या कागदात काय खोट आहे ते मला लांबून दिसतं, असा माझा समज आहे. परदेशातली माणसं पणजोबा शोधतात त्याचे व्हिडिओही मी पाहिले होते. नाव टाकायचं की जुन्या जनगणनेचं पान उघडतं: पणजोबा, वय, बायको, पाच मुलं, दोन गायी. शेवटी ती माणसं रडतात. आपण रडायचं नाही असं ठरवूनच मी एका शनिवारी गिरगावातल्या जुन्या ग्रंथालयात गेले.

"नावं?" ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, आपल्या जनगणनेच्या पुस्तकांत नावं नसतात. आकडे असतात."

"मग माणूस सापडतो कसा?"

"माणूस नाही सापडत. गाव सापडतं."

पुस्तकात प्रत्येक गावाला एक ओळ होती. घरं किती, माणसं किती, भाताची जमीन किती, शेतात राबणारे किती, पिण्याचं पाणी कशाचं, टपाल कुठे येतं. आमचं अख्खं घराणं त्या 'शेतात राबणारे'च्या रकान्यात कुठेतरी असणार, म्हणून मी त्या आकड्याकडे जरा आदराने पाहिलं. आकड्याने ओळख दाखवली नाही.

आमचं आडनाव म्हणजे गावाच्या नावापुढे 'कर'. अडचण ही, की त्या नावाची गावं दोन निघाली, दोन वेगळ्या तालुक्यांत. घरी येऊन विचारलं तेव्हा सासूबाईंना आठवलं, की सासरे हयात असताना एकदा म्हणाले होते, बाबा सांगायचे गावात दोन विहिरी, एक गोड्या पाण्याची आणि एक मचूळ. पुढच्या शनिवारी मी ग्रंथालयात पुन्हा पुस्तक उघडलं. एका गावाच्या पाण्यापुढे नदी लिहिली होती, दुसऱ्यापुढे विहीर. लागला निकाल.

"नदीच्या गावात विहीर नसते का गं?" नवऱ्याने विचारलं.

माझ्या निर्णयावर ऑफिसात अपील करता येतं, घरी नाही.

तरी खात्री करावी म्हणून मी जुनी वर्तमानपत्रं काढायला लावली. जिल्ह्याच्या पानावर गावोगावच्या बातम्या असायच्या. मास्क लावून मी पानं उलटत बसले. भातावर तुडतुडे. एसटी वेळेवर सोडण्याची मागणी. शाळेचं छप्पर उडालं. आणि मग आमचं गाव! 'येथील विहिरीत बैल पडला असून त्यास बाहेर काढण्याचे शर्थीचे प्रयत्न ग्रामस्थ करीत आहेत.'

विहीर! पुरावा! मी फोनवर फोटो काढला. घरच्या ग्रुपवर 'गाव सापडलं' म्हणून टाकला. तीस जणांनी हात जोडले. कुणीही विचारलं नाही, की बैल पडल्याने आपण त्या गावचे कसे ठरतो. त्याच भरात मी हॉलच्या दाराशी लावायला वंशवृक्षाचा फ्लेक्सही छापायला टाकला. वृक्षाला फांद्या भरपूर होत्या. मुळांच्या जागी पणजोबांचं नाव आणि त्याखाली एका बैलजोडीचं चित्र होतं, कारण खाली जागा रिकामी राहत होती.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पुढचा अंक त्या गठ्ठ्यात नव्हता, त्यामुळे बैल वाचला की नाही ते कळेना. मी त्यानंतरचे तीन शनिवार ग्रंथालयात काढले. शेतकऱ्यांचं एक घराणं शोधायला गेलेली बाई बैलाचा पत्ता काढत बसली होती. दर शनिवारी घरात शिरले, की सासूबाई आधी विचारत, "बैलाचं कळलं?" आणि मी चपला काढत म्हणे, "नाही हो, आई."

त्या बातमीच्या खालीच त्या गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची सूचना होती: सभा लालबागला, गावच्या खोलीत, चाळीचं नाव अमुक, दुसरा मजला. फोटोत ती आली, कारण बैलाची बातमी लहान होती. मी ती वाचलीसुद्धा, आणि सोडून दिली. मला शेतकरी हवे होते. चाकरमानी आमच्या घरात पैशाला पासरी होते.

तर रविवारी, पत्रिका चाललेल्या असताना, फोन वाजला. माझी बोटं हळदीने माखलेली, म्हणून करंगळीने फोन उचलून स्पीकरवर टाकला. देवळातले गुरव बोलत होते. नवऱ्याने त्यांना आदल्या दिवशी मेसेज करून ठेवला होता.

"नमस्कार. तुमचो मेसेज मेळलो. गाऱ्हाणा घालूया. घर खयचा तुमचा?"

"आमचं आडनाव..."

"आडनाव वाचलंय मी. घर खयचा? वाडी खयची?"

"वाडी नाही माहीत. पण आडनाव तुमच्या गावाचंच आहे ना!"

"म्हणानच इचारतंय. ह्या आडनावाचो हय एकव माणूस नाय."

"असं कसं? गावाचंच नाव..."

"अवो बाईनु, गावात ऱ्हवणारो माणूस गावाचा नाव कित्याक लावतलो? हय सगळेच ह्या गावचे! ता मुंबैक गेल्यार लावतत."

हे कळायला दावा विभागात पंचवीस वर्षं काढायची गरज नव्हती. पाच मिनिटं विचार पुरला असता. परळमध्ये राहून आम्ही कुणाला परळवाला म्हणतो का? त्या गावात आमचं आडनाव शोधणं म्हणजे समुद्रात 'ओला मासा कुठला' असं विचारणं होतं.

"तुम्ही नुसतं मुलीचं नाव घेऊन गाऱ्हाणं घाला ना," मी म्हटलं.

"आणि देवाक काय सांगू? मुंबैची कोणतरी बाय, घर म्हायत नाय, वाडी म्हायत नाय, तिच्या चेडवाचा लगीन? देव माकाच इचारतलो, ही कोण?"

मी शेवटचा पुरावा बाहेर काढला. "तुमच्या गावात पूर्वी विहिरीत बैल पडला होता. पेपरात आलं होतं."

"खयचो बैल?"

फोन संपला. मला वाटलं, सासूबाई आता तोंड सोडतील. त्यांनी कुंकवाच्या करंड्याचं झाकण लावलं. बोटं पदराला पुसली, जे त्या कधी करत नाहीत.

"म्हणजे हिचंही अर्ध्यावरच," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. गुडघ्यांना हात न लावता.

नवरा एक ओली पत्रिका हातात धरून उभा होता. "मग बस रद्द करू?"

मी हात धुतले, फोन उघडला आणि बैलाचा फोटो पुन्हा वाचला. या वेळी खालपर्यंत. लालबागची ती चाळ मला माहीत होती. तिच्या तळमजल्यावर मी मसाला कांडायला टाकते.

आम्ही चालत गेलो. रस्ता ओलांडताना नवरा म्हणाला, "इतके शनिवार गिरगावला टॅक्सीने जात होतीस, नाही?" मी सिग्नलकडे पाहत राहिले.

गावची खोली अजून होती. गिरण्यांच्या काळात एका गावच्या पुरुषांनी वर्गणी काढून अशी एक खोली घ्यायची, रात्रपाळीवाल्यांनी दिवसा झोपायचं, दिवसपाळीवाल्यांनी रात्री, प्रत्येकाला एक ट्रंक आणि एक खुंटी. आता तिथे टॉवरचे वॉचमन आणि हॉस्पिटलातले वॉर्डबॉय राहतात. फळीवर गावच्या देवाचा फोटो होता. त्याखाली बनियन घातलेले ऐंशी उलटलेले एक काका पेपरावर सुकट निवडत बसले होते.

"बसा. सुकटीचा वास येत असेल तर सांगा. वास जाणार नाही, पण सांगा."

नवऱ्याने आजोबांचं नाव सांगितलं. काकांचा हात थांबला आणि मग ते हसायला लागले ते खोकला येईपर्यंत.

"तू त्याचा नातू? अरे, तो म्हातारा मी इथं आलो तेव्हा गणपतीला यायचा, शेवटी शेवटी. तो कुठला आमच्या गावचा! तो खोलीचा."

"खोलीचा म्हणजे?" मी विचारलं.

"तो स्वतःच सांगायचा ना, पत्ते खेळताना. गिरणीत माणूस भरायचा मुकादम. आमचा मुकादम आमच्या गावचा, तो फक्त गाववालाच घ्यायचा. ह्या बिचाऱ्याच्या गावची खोलीच नव्हती मुंबईत. गॅलरीत झोपायचा आणि खोलीवाल्यांचं जेवण करायचा. कालवण एक नंबर. मग सगळ्यांनी ठरवलं, ह्याला आपला करायचा. मुकादमाला सांगितलं, आमच्या वाडीतला आहे. नावापुढे आमचं गाव लावलं, गिरणीत भरती."

"आणि मुकादमाला कळलं नाही?"

"कळणार नाही होय? तोही इथंच जेवायचा."

म्हणजे ज्या आडनावाने मी पंचवीस वर्षं लोकांच्या दाव्यांवर 'माहिती विसंगत' असा शेरा मारून सही केली, ते आडनावच विसंगत होतं. माझ्या टेबलावर ही फाइल आली असती, तर मी ती पहिल्याच दिवशी फेटाळली असती.

"मग त्यांचं खरं गाव?"

"खाडीपलीकडचा, असं म्हणायचा."

"कुठल्या खाडीपलीकडचा?"

"ते कोण विचारतंय, वहिनी? त्याला माहीत होतं, तेवढं पुरे होतं. आणि पुढे पोराला गिरणीत चिकटवायचं होतं, मग कशाला तोंड उघडेल?"

"विहिरी दोन होत्या, बघ," जिना उतरताना नवरा म्हणाला. "गाव तेवढं तिसरंच निघालं."

घरी येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. दावा नामंजूर झाल्याचं कळवायची आमची एक पद्धत आहे: आधी खेद, मग कारण, मग सही. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मी खेदाने सुरुवात केली.

"ते राहू दे. काय म्हणाला तो ते सांग," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं: गॅलरी, कालवण, मुकादम, खाडी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "खोलीत देव आहे?"

"आहे. त्याच गावच्या देवाचा फोटो, फळीवर. उदबत्ती लावलेली होती."

"मग तिथंच घाला गाऱ्हाणं."

"पण आई, तो देव आपला नाही. तेच तर..."

"तीन पिढ्या त्याच्या नावावर जेवलो, तो आपला नाही? घर कुठलं, वाडी कुठली असं त्याने विचारलं तर सांगा, तुझ्याच माणसांनी ह्याला आत घेतला, आता तूच निस्तर."

"आणि पत्रिकेवर मूळ गाव छापलंय ते? ते खोटं आहे, आई."

"गिरणीने मानलं, रेशनकार्डाने मानलं. तू कोण गो न मानणारी?"

त्यांनी करंडा पुन्हा उघडला. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, गाऱ्हाण्याला माणसं हवीत, नाहीतर "व्हय म्हाराजा" म्हणणार कोण? सकाळी सात वाजता या. रात्रपाळीवाले परतलेले असतात आणि दिवसपाळीवाले निघालेले नसतात. नवऱ्याने बसचं तिकीट रद्द केलं आणि लपवायचा प्रयत्न न करता आनंदी दिसला. रात्री जेवायच्या आधी उरलेल्या पत्रिका झाल्या. लेक बाहेर आली, म्हणाली, "काय झालं दिवसभर?" आजीने तिला सांगितलं, "काही नाही, तुझ्या आईला गाव सापडलं."

सोमवारी सकाळी आम्ही टॅक्सी केली. सासूबाई येणारच म्हणाल्या, आणि चाळीत पोहोचल्यावर जिन्याकडे बघून पहिल्या पायरीवरच थांबल्या. मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन परिस्थिती सांगितली. काका म्हणाले, "मग देवच बाहेर आणू." खोलीतली प्लास्टिकची खुर्ची मी खाली नेली आणि सासूबाईंना चौकात बसवलं. वर गॅलरीच्या कठड्याशी स्टुलावर देवाचा फोटो, त्यापुढे पत्रिका आणि नारळ. मागे वॉचमनच्या गणवेशातले चारजण, दोघे टॉवेल गुंडाळून, एकाच्या तोंडात टूथब्रश. त्यांच्या बाजूला लेक आणि नवरा.

काकांनी घसा साफ केला. सुकट निवडताना बोलणारा आवाज हा नव्हता.

"बा देवा म्हाराजा! आज हय लालबागात, तुझ्या खोलयेत, तुझी लेकरा जमली असत. खाडीपलीकडसून एक झील इलो, आमी तेका आमचो म्हटलो, तूय आमचो म्हटलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पणतीचा लगीन असा. काय चुकलामाकला असात ता पायाखाली घाल, आणि चेडवाक सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

आता समोरच्या गॅलरीतून दात घासणारी माणसंही सामील झाली होती. सासूबाई खालून मान वर करून, हात जोडून, सगळ्यांच्या मागून एकट्याच म्हणत होत्या, त्यामुळे देवाला प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकू गेली असणार. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. पहिल्यांदा मी पुटपुटले. दुसऱ्यांदा सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की मसाल्याच्या गिरणीवाल्याने शटर अर्ध्यावर थांबवलं.

मग मी खुर्ची वर नेऊन दिली, फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी आणली, आणि फ्लेक्सवाल्याला मेसेज केला, की बैलजोडी काढा, तिथे देवाच्या फोटोखालची ती फळी टाका, फोटो पाठवते. नवऱ्याकडे पत्रिकांची पिशवी दिली आणि सांगितलं, आता वाटायला सुरुवात कर.

सासूबाईंना टॅक्सीत बसवलं. घराच्या वळणावर त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "त्या बैलाचं काय झालं गो शेवटी?"

"काढला वर," मी म्हटलं. "वाचला."

त्यांना घरी सोडलं आणि मी ऑफिसला गेले.